रंधा आणि विद्यापीठ

“सुतारकी शिकायला विद्यापीठ कशाला?” या व्याख्यानाचा विषय ऐकून आमच्या युनियनच्या कचेरीतील एका जुन्या मिस्त्रीने मला हा प्रश्न केला. त्याच दिवशी संध्याकाळी एका प्राध्यापक मित्रांनी विचारले, “विद्यापीठात सुतारकी कशाला?” शब्द जवळजवळ तेच, पण रोख अगदी निराळा. मिस्त्रीला वाटते की, हे काम हाताने येते, पुस्तकाने येत नाही. प्राध्यापकांना वाटते की, हाताचे काम पुस्तकांच्या घरात शोभत नाही. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. आणि दोघेही चुकत आहेत, असे माझे नम्र मत आहे. ते कसे, हे आज सांगावयाचे आहे.

मी स्वतः विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. कामगारांच्या तक्रारी चालविता चालविता मी या विषयाकडे वळलो. तेव्हा ज्या तक्रारीने मला इकडे आणले तीच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फर्निचरच्या एका कारखान्यात एक पदवीधर तरुण नव्याने दाखल झाला. मुलगा हुशार, वागायला सभ्य. त्याने कागदावर एक खुर्ची काढली. तिचे मागचे पाय धनुष्यासारखे बाकदार होते. तीस वर्षे रंधा मारलेल्या मिस्त्रीने कागद पाहिला आणि म्हटले, “साहेब, हा पाय इथं मोडेल.” का मोडेल, ते मात्र त्याला कागदावर मांडून दाखविता येईना. तो लाकडावरून अंगठा फिरवून दाखवीत होता, आणि साहेबांना ती अंगठ्याची भाषा येत नव्हती. खुर्च्या तयार झाल्या, गिऱ्हाइकाकडे गेल्या आणि पावसाळा संपायच्या आत त्यांतल्या बऱ्याच मोडून परत आल्या. नुकसानीची रक्कम कोणाच्या पगारातून कापली गेली असेल? ‘काम निकृष्ट’ असा शेरा मारून मिस्त्रीच्याच! आम्ही भांडलो, कापलेले पैसे परत मिळविले. युनियनचे काम तेथे संपले. परंतु ज्याला दोष आधी दिसला त्याचे म्हणणे कोणाच्या गणतीत का आले नाही, हा प्रश्न तसाच राहिला. आणि त्याला कामगार कायद्याच्या पुस्तकात उत्तर नव्हते.

मिस्त्रीचा अंगठा काय सांगत होता, ते प्रथम पाहू. लाकूड हे लोखंडासारखे सर्व बाजूंनी सारखे नसते. ती उभ्या तंतूंची घट्ट बांधलेली जुडी आहे. तंतूंच्या लांबीच्या दिशेने लाकूड मोठा भार सोसते. पण तंतूंच्या मधून ते सहज फाटते. जळणाचा ओंडका कुऱ्हाडीच्या एका घावात उभा फाटतो, आडवा तोडायला मात्र घाम गळतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आता सरळ फळीतून बाकदार पाय कापून काढला, तर वळणाच्या ठिकाणी तंतू पायाच्या लांबीने धावत नाहीत. ते आडवे तुटून आखूड होतात. माणूस खुर्चीत मागे रेलला की नेमका त्याच जागी ताण येतो आणि पाय तेथे मोडतो. यावर उपाय आहेत. लाकूड वाफेवर मऊ करून वाकविता येते, पातळ पट्ट्या साच्यात एकावर एक चिकटविता येतात, किंवा वळण अनेक तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्यात तंतू वळणाबरोबर जातील असे जोडता येते. यांतला कोणता उपाय कोठे करावा आणि त्याला खर्च किती येईल, हे ठरविणे म्हणजेच फर्निचरची रचना. चित्र काढणे हा तिचा एक भाग झाला.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. पावसाळ्यात दार फुगते, उन्हाळ्यात फळ्यांत फटी पडतात, हे कोकणातल्या माणसाला सांगावयास नको. लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. त्याच्या पेशींच्या भिंती वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा धरू शकतात. त्याखाली सुकू लागले की लाकूड आकसते. मात्र ते लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते. आणि रुंदीतही, वर्षवलयांच्या कडेकडेने जितके आकसते ते गाभ्याच्या दिशेने आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. म्हणून फळी सुकताना पन्हळीसारखी वाकते. म्हणूनच जुन्या सुतारांनी दार एका सलग फळीचे केले नाही. चौकट केली, चौकटीच्या आत खाच ठेवली आणि मधली फळी त्या खाचेत सरस न लावता मोकळी बसविली. फळीने हवे तेवढे फुगावे, हवे तेवढे आकसावे. चौकट हलत नाही. हे शास्त्र मिस्त्रीला हाताने ठाऊक असते आणि पदवीधराला आकड्यांनी ठाऊक असू शकते. ही दोन्ही ज्ञाने एका माणसाच्या ठिकाणी, निदान एका छपराखाली, आणता येतील काय?

या प्रश्नाचा मागोवा घेता घेता मी डेन्मार्कच्या इतिहासापाशी पोहोचलो. हा देश लहान. खनिजांची श्रीमंती नाही. शेतकऱ्यांच्या आणि ग्राहकांच्या सहकारी संस्था मात्र खेडोपाडी. अशा देशाने विसाव्या शतकात खुर्च्या-टेबलांच्या बाबतीत साऱ्या जगाला धडा दिला. तो कसा, हे पाहताना आपण फर्निचरच्या दुकानात न शिरता प्रथम एका संपाकडे जाऊ.

१८९९ च्या वसंत ऋतूत जटलंडमधील सात गावांतल्या सुतार कारागिरांनी संप केला. मालकांच्या संघटनेने उत्तरादाखल देशभर टाळेबंदी पुकारली. सुमारे ४०,००० कामगार साडेतीन महिन्यांच्या आसपास कामाबाहेर राहिले. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली. तिने कामगारांचा संघटनेचा हक्क मान्य केला. त्याचबरोबर काम कसे चालवायचे आणि कोणाकडून करवून घ्यायचे, हे ठरविण्याचा अधिकार मालकाचा, हेही मान्य झाले. आमच्या चळवळीतील लोक या तडजोडीचा पहिला भाग अभिमानाने सांगतात. दुसऱ्या भागाकडे माझे लक्ष आमच्या मिस्त्रीमुळे गेले. वेतनावर बोलण्याचा हक्क मिळाला. वस्तूच्या घडणीवर बोलण्याचा मिळाला नाही. तो हक्क काही अंशी पुढे शाळेच्या दारातून आला, असे मला वाटते.

डेन्मार्कमध्ये सुतार होण्याची रीत जुनी आहे. मुलगा कारखानदार उस्तादाकडे उमेदवारी करतो. मधून मधून शाळेत जातो. शेवटी स्वतःच्या हाताने एक वस्तू पुरी करून परीक्षकांपुढे ठेवतो. ती पसंत पडली की त्याला कारागिराची सनद मिळते. ही पद्धत आजही चालू आहे. फर्निचर करणाऱ्या सुताराची उमेदवारी साधारण चार वर्षांची असते आणि उमेदवाराला त्या काळात वेतन मिळते. ते वेतन मालक आणि युनियन यांच्या सामुदायिक करारात ठरते.

या पायावर पुढे उच्च शिक्षणाची इमारत उभी राहिली. कोपनहेगन येथील राजेशाही कला अकादमी १७५४ सालची. तेथे चित्र, शिल्प, वास्तुकला शिकवीत. १९२४ साली तेथे फर्निचरचे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले आणि ते कोरे क्लिंट यांच्या हाती आले. क्लिंट १९४४ साली प्राध्यापक झाले आणि १९५४ साली वारले. त्यांची शिकविण्याची रीत साधी होती. ते मोजायला लावीत. जुनी चांगली खुर्ची घ्यावी, तिचा प्रत्येक भाग मोजावा, प्रत्येक सांधा समजून घ्यावा, आणि ती इतकी वर्षे का टिकली ते शोधावे. नंतर माणूस मोजावा. बसल्यावर गुडघा किती उंचीवर येतो, कोपर कोठे टेकते, पाठीला आधार कोठे लागतो. नंतर घरातील वस्तू मोजाव्या. ताटल्या, पेले, चमचे किती आणि केवढे, हे मोजून त्यांनी भांड्यांचे कपाट बेतले. कमी जागेत अधिक वस्तू राहाव्या हा हेतू. शेवटी खऱ्या मापाचे, म्हणजे खुर्ची जेवढी तेवढेच, चित्र काढावयाचे. अशा चित्रात चूक लपत नाही. सांधा कोठे येणार आणि तंतू कोणत्या दिशेला जाणार, हे रेघ ओढतानाच ठरवावे लागते. आमच्या कारखान्यातल्या तरुणाने असे चित्र मिस्त्रीशेजारी बसून काढले असते, तर ती तक्रार माझ्याकडे आलीच नसती.

कोपनहेगनमध्येच कला व हस्तव्यवसाय विद्यालय होते. सुतारकीची सनद घेतलेले तरुण तेथे पुढचे शिक्षण घेण्यास येत. त्यांपैकी दोघांची नावे आज जगभर माहीत आहेत, आणि दोघेही १९१४ साली जन्मलेले.

पहिला हान्स वेगनर. टोंडर या लहान गावातील चांभाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी गावच्या सुताराकडे उमेदवारीला लागला, किशोरवयातच कारागीर झाला. लष्करी सेवेसाठी राजधानीत आला आणि १९३६ मध्ये या विद्यालयात दाखल झाला. म्हणजे तो शाळेत आला तेव्हा रंध्याचे घट्टे त्याच्या हाताला पडलेले होते. १९४९ साली त्याने केलेली एक खुर्ची तेथे नुसती ‘खुर्ची’ म्हणूनच ओळखली जाते. १९६० साली केनेडी आणि निक्सन यांचा दूरचित्रवाणीवर गाजलेला पहिला वाद झाला, तेव्हा तिच्याच जोडीवर ते बसले होते. तिची पाठ आणि हात मिळून एक अर्धवर्तुळ होते. येथे आमच्या मिस्त्रीचाच प्रश्न उभा राहतो. हे वळण एका फळीतून कापले, तर टोकाकडे तंतू आखूड होणार. वेगनरने ते तीन तुकड्यांत केले. जोड त्याला प्रथम मनासारखा वाटेना, म्हणून पहिल्या खुर्च्यांवर त्याने तो वेताच्या वेटोळ्यांनी झाकला. पुढे त्याने करवतीच्या दातांसारखी नागमोडी जोडणी बसविली आणि मग वेताचे आवरण काढून टाकून जोड सर्वांना दिसेल असा उघडा ठेवला. कारागिराची अडचण रचनाकाराने लपविली होती. ती सुटल्यावर तिलाच खुर्चीचे सौंदर्य केले. हात आणि डोके एकाच देहात असल्याशिवाय असे सुचणे कठीण.

दुसरा बोर्गे मोगेन्सेन. त्याने १९३४ साली सुतारकीची सनद घेतली. १९३६ ते १९३८ या विद्यालयात, आणि नंतर १९४२ पर्यंत अकादमीत क्लिंट यांच्या हाताखाली शिकला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या ग्राहक सहकारी संस्थांच्या मध्यवर्ती संघाने फर्निचरचा स्वतंत्र विभाग काढला व त्याचे प्रमुखपद मोगेन्सेनला दिले. हा संघ १८९६ पासूनचा. कामगाराच्या आणि शेतकऱ्याच्या लहान घरात मावेल, त्याच्या ऐपतीत बसेल आणि नातवंडांपर्यंत टिकेल असे सामान करणे, हे त्या विभागाचे काम. १९४७ साली मोगेन्सेनने त्यासाठी एक खुर्ची केली. लाकडाचे मोजके भाग, गोल पाय, पाठीला एक रुंद वाकवलेली पट्टी, पिळलेल्या कागदी दोरीने विणलेली बैठक. तिला लोक ‘लोकांची खुर्ची’ म्हणू लागले. पुढे १९५० नंतर ग्रेटे मायर या रचनाकार बाईंबरोबर त्याने कपाटांचा अभ्यास केला. घरात माणशी सदरे किती, काटे-चमचे किती, त्यांची मापे काय, हे मोजून त्यावरून खणांची रुंदी आणि खोली ठरविली. विद्यापीठातील संशोधन म्हणतात ते याहून निराळे काय असते? आमच्या चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत किती माणसे, किती अंथरुणे, किती डबे राहतात, याची अशी मोजणी कोणी केली असती तर आपली कपाटे आज निराळी दिसली असती.

स्त्रियाही या वाटेने आल्या. नाना डिट्झेल यांनी सुतारकाम शिकून १९४६ साली याच विद्यालयाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि पुढे त्या मोठ्या रचनाकार म्हणून गणल्या गेल्या. लाकूडकाम हे पुरुषाचेच काम, या समजुतीला त्यांच्या कामाने परस्पर उत्तर दिले.

शाळा एकटी हे करू शकली नसती. कोपनहेगनच्या सुतार उस्तादांच्या संघाने १९२७ पासून १९६६ पर्यंत दरवर्षी प्रदर्शन भरविले. यंत्रावर निघालेल्या स्वस्त मालापुढे त्यांचा धंदा बसत चालला होता. तरुण रचनाकार आणि जुना उस्ताद यांनी जोडीने वस्तू करावी, ती लोकांपुढे मांडावी, टीका ऐकावी, अशी ही पद्धत होती. हा संघ मालकांचा होता, कामगारांचा नव्हे, हे मी विसरत नाही. तथापि, रचनाकाराला दरवर्षी कारागिराच्या ठोकळ्यापाशी उभे राहावे लागत होते, ही गोष्ट थोडी नव्हे.

आता या चित्राची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर मी प्रचारक ठरेन. १९६६ मध्ये ती प्रदर्शने बंद पडली. फॅशन बदलली, मोठे कारखाने पुढे आले, अनेक लहान कारखाने बंद झाले. सहकारी संघाचा तो रचना-विभागही १९६० च्या दशकाच्या अखेरीस मिटला. मोगेन्सेनची ‘लोकांची खुर्ची’ आजही तयार होते. पण आज ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यात दिसते. वेगनरच्या एका प्रसिद्ध खुर्चीची बैठक विणायला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते आणि ती आजही हातानेच विणतात. अशा वस्तूचे मोल सामान्य पगारदाराला झेपणारे राहत नाही. क्लिंट यांची शाळा आणि वेगनर शिकला ती शाळा २०११ साली एकाच संस्थेत आल्या. तेथे फर्निचरचे उच्च शिक्षण आजही मिळते आणि डॅनिश विद्यार्थ्यांना त्याची फी पडत नाही. मात्र प्रवेशाला सुतारकीची सनद लागत नाही. शाळेतून थेट आलेला तरुण आणि उमेदवारी करून आलेला तरुण यांत पहिल्याची संख्या वाढली, तर तेथेही उद्या अंगठ्याची भाषा विसरली जाईल, ही भीती निराधार नाही.

आणखी एक शंका मला कामगार चळवळीतला माणूस म्हणून छळते. वेगनर आणि मोगेन्सेन वर गेले. त्यांच्या शेजारी रंधा मारणारे दुसरे शंभर कारागीर जेथे होते तेथेच राहिले. शिक्षणाने एकाला ठोकळ्यावरून उचलून टेबलाशी बसविले, यात कामगारवर्गाला काय मिळाले? पुष्कळ विचार करून मी या मतावर आलो आहे की, मिळाले ते थोडे नाही. रचनाकार जेव्हा कारागिरांतून आलेला असतो, तेव्हा कारागिराचे म्हणणे त्याला समजते. कामाला किती वेळ लागतो, कोठे बोट कापण्याचा धोका आहे, कोणता सांधा घाईत होणार नाही, हे त्याला सांगावे लागत नाही. परंतु हे पुरे नाही. जो ठोकळ्याशीच राहू इच्छितो, त्यालाही शास्त्र कळले पाहिजे आणि त्याच्या शब्दाला किंमत आली पाहिजे. सर्वांनीच वर जावे, ही काही शिक्षणाची व्याख्या नव्हे.

आता घराकडे वळू. आपल्याकडे हा विचार कधीच आला नाही असे नाही. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत १८९१ साली रे आर्ट वर्कशॉप्स सुरू झाली आणि तेथे लाकडावरील कोरीव कामासारखे हस्तव्यवसाय शिकवू लागले. स्वातंत्र्यानंतर १९६१ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या एका वर्षात दोन दारे उघडली. अहमदाबादला राष्ट्रीय रचना संस्था स्थापन झाली, जेथे पुढे फर्निचरची रचना शिकविली जाऊ लागली. आणि त्याच वर्षी संसदेने उमेदवारीचा कायदा केला, ज्याखाली तरुण कारखान्यात काम शिकू लागले. एका दाराशी बारावी उत्तीर्ण होऊन प्रवेश परीक्षा द्यावी लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या सुतारकामाच्या वर्गाला आठवी उत्तीर्ण पुरते. दोन्ही दारे चांगली आहेत. पण एका दारातून दुसऱ्याकडे जाणारी वाट अतिशय अरुंद आहे. गावगाड्यात बारा बलुतेदारांतील सुताराने नांगर, पाभर, बैलगाडी, दार आणि देव्हारा केला. बैलाच्या खांद्याचे माप आणि जमिनीचा पोत पाहून नांगर बेतला. ती रचनाच होती. तिला रचना म्हणण्याची पद्धत नव्हती इतकेच, आणि ती जातीच्या कुंपणात अडकून पडली होती. ते कुंपण मोडून पदवीचे दुसरे कुंपण घालण्यात शहाणपण नाही.

म्हणून मिस्त्रीला आणि प्राध्यापकांना माझे उत्तर एकच आहे. सुतारकी विद्यापीठात गेली पाहिजे. पण ती आपली हत्यारे घेऊन गेली पाहिजे. फर्निचरची पदवी घेणाऱ्या प्रत्येकाने एक वर्ष तरी कारखान्यात वेतनावर रंधा मारावा. सनद घेतलेल्या सुताराला त्या सनदेच्या जोरावर पदवीच्या वर्गात बसता यावे, आणि तेवढा काळ त्याच्या घरची चूल चालेल अशी शिष्यवृत्ती मिळावी. विद्यापीठात शिकविणाऱ्यांत निदान एक तरी जुना मिस्त्री असावा, त्याला पगार असावा आणि परीक्षेत त्याचे मत मोजले जावे. आणि आम्ही युनियनवाल्यांनी पगार आणि बोनस यांच्या मागण्यांशेजारी आणखी एक मागणी लिहावी: नवी वस्तू काढताना ती ज्याच्या हातून व्हावयाची, त्याची चित्रावर सही घ्यावी.

ही शेवटची मागणी मी त्याच मिस्त्रीला वाचून दाखविली. तो हसला आणि म्हणाला, “सही करीन की. पण आधी मला ते चित्र नीट वाचायला शिकवा.” गेल्या पावसाळ्यापासून रविवारी सकाळी आमच्या कचेरीत दहा-बारा सुतार खऱ्या मापाची चित्रे काढायला बसतात. शिकवायला तोच पदवीधर तरुण येतो. अर्धा वेळ तो शिकवितो. उरलेला अर्धा वेळ हातात फळीचा तुकडा घेऊन शिकतो.